बुडी एकट्याची की दोघांची?

धोक्याच्या ठिकाणी माणसाने एकट्याने जावे की कुणाला सोबत घेऊन? प्रश्न जुना आहे. रात्रीची वाट असो, परमुलखातला व्यापार असो, वडीलधाऱ्यांनी त्याचे उत्तर एकच दिले : सोबत असावी. पण सोबत म्हणजे नेमके काय, हे फारसे कुणी विचारत नाही. आम्हाला वाटते, या प्रश्नाचा खरा कस समुद्राच्या पाण्याखाली लागतो. तिथे सोबतीचे मोल श्वासांत मोजावे लागते.

पाठीवर हवेची टाकी बांधून पाण्याखाली उतरणे म्हणजे स्कूबा. आपल्या मालवणलाही ते आता अनेकांनी पाहिले आहे. तिथे हौशी पर्यटकाला प्रशिक्षक शेवटपर्यंत धरून ठेवतो. पण जो ही विद्या रीतसर शिकतो, त्याला पहिल्याच धड्यात सांगतात, एकट्याने उतरू नये. जोडीदाराला 'बडी' म्हणतात. उतरण्याआधी दोघे एकमेकांचे पट्टे, टाकीची झडप आणि हवेचा काटा तपासतात. प्रत्येकाच्या टाकीला तोंडात धरायची एक जास्तीची नळी असते. ती बहुधा पिवळी असते, संकटात चटकन दिसावी म्हणून, आणि ती मुख्यतः सोबत्यासाठी असते. जोडीदार दिसेनासा झाला, तर मिनिटभर शोधायचे आणि मग वर यायचे. तोही तेच करील, हा भरवसा असतो.

शिक्षकाच्या सवयीने थोडा हिशेब मांडू. १२ लिटरच्या टाकीत २०० बार दाबाने भरलेली हवा म्हणजे सुमारे २४०० लिटर. माणूस मिनिटाला २० लिटर हवा घेतो असे धरले, तर पाण्याच्या पृष्ठभागावर ती दोन तास पुरेल. पण दर दहा मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो. वीस मीटर खोलीवर दाब तिप्पट, म्हणून हवाही तिप्पट लागते. दोन तासांची चाळीस मिनिटे होतात. आता समजा, काट्यावर ५० बार उरले आहेत, म्हणजे ६०० लिटर, आणि त्याच क्षणी सोबत्याची हवा संपली. एकट्याला त्या खोलीवर दहा मिनिटे पुरणारी हवा दोघांना पाचच मिनिटे पुरते. घाबरलेला माणूस जास्तच श्वास घेतो, तेव्हा पाचही उरत नाहीत. भरभर वर यावे म्हटले, तर शरीरात नायट्रोजनचे बुडबुडे होण्याचा धोका. म्हणजे सोबत्याला आपण आपल्या आयुष्याची मिनिटे वाटून देत असतो. असे वाटून देण्याची तयारी ज्याची नाही, त्याने कुणाचा जोडीदार होऊ नये.

मग एकट्याने उतरणाऱ्यांना वेडे ठरवायचे काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. त्यांची बाजू ऐकण्यासारखी आहे. ते म्हणतात, बोटीवर ऐन वेळी दोन अनोळखी माणसांची जोडी लावली जाते. खाली गेल्यावर एक जण फोटो काढण्यात गुंग, दुसरा माशामागे दूर. अशा जोड्यांना पाणबुडे टोमणा मारतात की यांची सोबत एकाच समुद्रात असण्यापुरती! अशी सोबत सुरक्षिततेचा भास देते, आणि भासावर विसंबलेला माणूस स्वतःची तयारी कमी करतो. त्यापेक्षा एकटेपणा कबूल करून पुरी तयारी केलेली बरी. १९९९ मध्ये एसडीआय या संस्थेने एकट्याने उतरण्याचे रीतसर शिक्षण सुरू केले. २०११ मध्ये पाडी या मोठ्या संस्थेनेही स्वावलंबी पाणबुड्याचा अभ्यासक्रम आणला. दोन्हीकडे अट आहे की आधी किमान १०० बुड्या झालेल्या असाव्यात, आणि हवेची वेगळी, स्वतंत्र सोय जवळ असावी.

सोबतीच्या नावाने गाफील राहणे किती महाग पडते, याची साक्ष कोर्टातही सापडते. ऑक्टोबर २००३ मध्ये ऑस्ट्रेलियात, योंगाला या बुडालेल्या जहाजापाशी, एक नवविवाहित अमेरिकन जोडपे पाण्यात उतरले. पत्नी संकटात सापडली, खाली जाऊ लागली. पतीचे म्हणणे असे की तो मदत आणण्यासाठी वर आला. ती वाचली नाही. २००९ मध्ये त्याने तिथल्या कोर्टात सदोष मनुष्यवध कबूल केला. सोबती म्हणून असलेले कर्तव्य पार पाडले नाही, हा त्या गुन्ह्याचा गाभा होता. त्याने तुरुंगवास भोगला. पुढे अमेरिकेत त्याच्यावर खुनाचा खटला झाला, तो २०१२ मध्ये पुराव्याअभावी न्यायाधीशांनी काढून टाकला. म्हणजे खून सिद्ध झाला नाही, पण सोबतीतली कसूर मात्र गुन्हा ठरली. 'मी तर जवळच होतो' ही सबब पुरेशी नाही.

तरीही 'माझा जीव, माझी मर्जी' हे म्हणणे आम्हाला पटत नाही. जो वर येत नाही, त्याला आणायला कुणीतरी खाली जातेच. दक्षिण आफ्रिकेत बुशमन्स होल नावाचे पाण्याने भरलेले प्रचंड विवर आहे. १९९४ मध्ये डिऑन ड्रेयर हा तरुण तिथे मरण पावला. त्याचा मृतदेह वर आणण्यासाठी जानेवारी २००५ मध्ये डेव्ह शॉ सुमारे २७० मीटर खोल उतरला आणि परतला नाही. त्याच्या दिशेने गेलेला साथीदार डॉन शर्ली मरता मरता वाचला. यांतले कुणी बेपर्वा नव्हते. पण एका जिवाची ओढ आणखी दोघांना कशी खाली नेते, ते इथे दिसते. आपला जीव आपल्यापाशी इतरांची अमानत असतो.

उर्दू वाचणाऱ्यांना 'गव्वास' हा शब्द परका नाही. बहरीन-कुवेतच्या किनाऱ्यावर मोती काढणारा गव्वास नाकाला चिमटा लावून, पायाशी दगड घेऊन, श्वास रोखून तळाशी जाई. नावेवर त्याच्या दोरीचे टोक धरून दुसरा माणूस उभा असे, त्याला सैब म्हणत. दोरीला हिसका बसला की सैब त्याला वर ओढी. तळाशी गव्वास एकटाच असे, पण त्याचा एकटेपणा एका जागत्या हाताने धरलेला असे. ते मोती मुंबईच्या बाजारात विकायला येत. प्रत्येक मोत्यामागे दोघे असत, एक उतरणारा आणि एक लक्ष ठेवणारा.

म्हणून आमचे उत्तर असे : बुडी दोघांची असावी, पण उतरणारा प्रत्येक जण एकट्याने निभावण्याच्या लायकीचा असावा. दुबळ्याने दुबळ्याला धरले, तर दोघे बुडतात. समर्थाने पाठ फिरवली, तर एक नक्की बुडतो. शाळेची सहल समुद्रावर नेताना आम्हीही मुलांच्या जोड्या लावतो. हात धरा, एवढे सांगून भागत नाही. मधूनच एखाद्याला विचारतो, 'तुझा जोडीदार आत्ता कुठे आहे?' ज्याला उत्तर देण्याआधी इकडेतिकडे पाहावे लागते, त्याला आम्ही पाण्यापासून चार पावले मागे घेतो.