खर्च झाल्यानंतरचा हिशेब

पैसा खर्ची पडून वर्षे लोटल्यावर ऑडिटचा आक्षेप येतो आणि आम्ही कारकून मंडळी जुन्या फायली उपसून त्याचे उत्तर तयार करतो. ‘बैल गेला नि झोपा केला’ असाच हा प्रकार नव्हे काय, असे दिल्लीतील आमचे स्नेही विचारतात.

आम्हांस तसे वाटत नाही. चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असताना, १९५६ साली, आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले. पुढच्याच वर्षी आयुर्विमा महामंडळाने मुंदडांच्या कंपन्यांचे सुमारे १ कोटी २४ लाख रुपयांचे शेअर्स घेतले. डिसेंबर १९५७ मध्ये फिरोज गांधींनी लोकसभेत स्वपक्षाच्याच सरकारला जाब विचारला. व्यवहारास आपली संमती नव्हती, असे अर्थमंत्री कृष्णम्माचारी म्हणाले. सचिवाच्या कृतीची घटनात्मक जबाबदारी मंत्र्याचीच, असा निर्वाळा न्यायमूर्ती छागलांनी दिला. फेब्रुवारी १९५८ मध्ये मंत्र्यांनी पद सोडले.

गेलेला रुपया संसदेला परत आणता येत नाही. पण ‘हे कोणी ठरविले?’ असे तिला विचारता येते. लोकलेखा समितीचे २२ सभासदही तेच विचारतात. १९६७ पासून तिचे अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे असते, ते हा प्रश्न भिडेपोटी राहू नये म्हणूनच.

मग जबाबदारी मंत्र्याची, म्हणून आम्ही मोकळे काय? मंत्री निर्णय घेतो तो आमच्या टिपणीवरून. एकदा वरिष्ठांस रुचणार नाही असे एक खरे वाक्य आम्ही टिपणीतून गाळले होते. त्यावर आक्षेप कधीच आला नाही. ते वाक्य मात्र आम्हांस अजून पाठ आहे.