परवडणं आणि सार्थकी लागणं

तुम्ही डेट्रॉइटच्या आसपास राहत असाल तर हा वाद तुमच्या कानावरून गेलेलाच आहे. पुण्याहून गाड्यांच्या धंद्यात आलेली आपली बरीच मंडळी नोव्हाय, कँटन, ट्रॉय अशा गावांतून राहतात. फुटबॉलच्या मोसमात सोमवारी सकाळी ऑफिसात कामाला हात लागण्याआधी एक फेरी होतेच : मॅथ्यू स्टॅफर्डला सोडलं ते बरं झालं का? इथल्या लोकांच्या तोंडी तो प्रश्न ‘वॉज इट वर्थ इट’ असा असतो. आपण कोपऱ्यात उभे राहून मान डोलावतो. मला विचाराल तर या प्रश्नात मान डोलावण्यापेक्षा जास्त काही आहे.

ज्यांना हा लंबगोल चेंडूचा खेळ अजून पचलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. क्वार्टरबॅक म्हणजे संघाचा मेंदू आणि हात दोन्ही. कर्णधार, यष्टिरक्षक आणि शेवटच्या षटकातला फलंदाज एकाच माणसात कोंबले तर जे होईल ते. आणि ड्राफ्ट म्हणजे कॉलेजातून येणाऱ्या पोरांची दरवर्षीची वाटणी. त्यात जो संघ सर्वांत वाईट खेळला त्याला पहिली निवड मिळते. हे निवडीचे हक्क पुढच्या वर्षांचेही विकता येतात, म्हणजे न पिकलेलं पीक गहाण टाकण्यासारखं.

स्टॅफर्ड 2009 च्या ड्राफ्टमध्ये पहिल्याच क्रमांकावर डेट्रॉइट लायन्सकडे आला, बारा मोसम खेळला, हाडं मोडून घेतली, आणि बाद फेरीतला एकही सामना जिंकू शकला नाही. 2021 च्या जानेवारीत त्यानं आणि संघानं ठरवलं की आता वेगळं व्हावं. लॉस एंजेलिस रॅम्सनी त्याच्यासाठी त्यांचा क्वार्टरबॅक जॅरेड गॉफ दिला, 2021 ची तिसऱ्या फेरीची निवड दिली आणि वर 2022 व 2023 च्या पहिल्या फेरीच्या निवडी दिल्या. पुढच्याच फेब्रुवारीत, 13 तारखेला, रॅम्सनी आपल्याच मैदानावर सिनसिनाटीला 23-20 हरवून सुपर बोल जिंकला. त्या मोसमात लायन्स तीन सामने जिंकले, तेरा हरले, एक बरोबरीत सुटला. त्या दिवशी कुणालाही विचारलं असतं तर उत्तर एकच मिळालं असतं : रॅम्सनी लुटलं.

मग हिशेब हळूहळू फिरू लागला. सुपर बोलनंतरच्या मोसमात रॅम्स कोसळले, पाच विजय आणि बारा पराभव, त्यामुळे त्यांनी देऊन टाकलेली 2023 ची निवड चक्क सहाव्या क्रमांकाची निघाली. लायन्सनी मिळालेल्या निवडी पुन्हा इकडेतिकडे फिरवून जेमिसन विल्यम्स, जमिर गिब्स, सॅम लापोर्टा अशी पोरं आणली. आणि ज्याला ओझं म्हणून त्यांच्या गळ्यात घातलं होतं तो गॉफ खेळू लागला. 14 जानेवारी 2024 ला फोर्ड फील्डवर बाद फेरीत समोर आले ते नेमके रॅम्स आणि स्टॅफर्ड. लायन्स 24-23 जिंकले. बाद फेरीतला विजय त्यांना 32 वर्षांनी मिळाला.

आता सांगा, सौदा कुणाला फळला?

पहिली गोष्ट तुमच्या लक्षात आली असेल : उत्तर तारखेवर अवलंबून आहे. 2022 च्या फेब्रुवारीत एक, 2024 च्या जानेवारीत दुसरं. कॉफीपाशी वाद घालणारा प्रत्येक जण आपल्या सोयीच्या तारखेला वही मिटवतो. दुकानाची वही मिटवायला मार्च महिना असतो, माणसांच्या व्यवहाराला तो नाही. दुसरी गोष्ट अशी की वाद घालणारे धरून चालतात की एकाचा फायदा म्हणजे दुसऱ्याचा तोटा. तसं काही नसतं. रॅम्सकडे बाकी सगळा संघ तयार होता आणि वेळ कमी होता. लायन्सकडे वेळच वेळ होता आणि संघ नव्हता. ज्याच्या घरी तांदूळ पडून आहे आणि मीठ संपलंय त्यानं तांदूळ देऊन मीठ घेतलं तर त्यात फसलं कोण? इथपर्यंत गोष्ट सोपी आहे, आणि बहुतेक शहाणी माणसं इथंच थांबतात : दोघांनाही वर्थ होतं, चला कामाला लागू.

मला इथं थांबवत नाही, कारण आपल्या भाषेत या प्रश्नाचे दोन प्रश्न होतात. एक, परवडलं का, वसूल झालं का? आणि दुसरा, सार्थकी लागलं का, चीज झालं का? इंग्रजीतलं ‘वर्थ इट’ या दोन्हींना एकाच पिशवीत घालतं. पहिला प्रश्न किंमत आणि माल यांचा आहे. तो रॅम्सच्या मॅनेजरला विचारावा, तो आकडे काढून दाखवेल. दुसरा प्रश्न ज्यानं सोसलं त्याचा आहे. आणि तो कुणाला विचारायचा, इथंच घोटाळा होतो. दहावीचा निकाल लागला की पेपरात छापून येतं, ‘आईच्या कष्टांचं चीज झालं’. आई स्वतः म्हणाली तर तिला कोण अडवणार? पण बातमीदारानं ते परस्पर ठरवायचं, यात कुठंतरी खटकतं. कष्ट तिचे, पावती दुसराच फाडतोय.

आता गॉफकडे बघा. तोही 2016 च्या ड्राफ्टमधला पहिला. त्यानं रॅम्सना 2019 च्या सुपर बोलपर्यंत नेलं होतं, तिथं ते 13-3 हरले. त्याच वर्षी त्याच्याशी चार वर्षांचा, 134 दशलक्ष डॉलर्सचा करार झाला. दीड वर्षात तोच करार डोक्यावरचं कर्ज वाटू लागला. सौद्याच्या वेळी सगळ्यांनी एक गोष्ट सरळ वाचली : दोनांपैकी एक पहिल्या फेरीची निवड जणू गॉफला घेऊन जाण्याची मजुरी आहे. माणूस बेरजेच्या रकान्यातून वजाबाकीच्या रकान्यात गेला. स्टॅफर्डनं जाण्याची वाट मागितली होती. गॉफनं काहीच मागितलं नव्हतं.

तुम्ही म्हणाल, अहो, एवढे पैसे मिळणाऱ्या माणसाची कसली कणव? बरोबर आहे, उपाशी कुणी नव्हतं. पण मुद्दा कणवेचा नाही. त्याच्यावर अन्याय झाला असं मी म्हणतही नाही. धंद्याचे नियम त्याला माहीत होते. मुद्दा एवढाच आहे की 2024 साली त्याच गॉफनं लायन्सशी 212 दशलक्षांचा करार केला, तेव्हा लोक म्हणू लागले, बघा, त्याचंही भलंच झालं, म्हणजे त्याला फेकलं ते बरंच केलं. हे ‘म्हणजे’ मला मान्य नाही. माणूस उठून उभा राहिला याचं श्रेय धक्का देणाऱ्याच्या खात्यात कसं जमा होतं?

बर्नार्ड विल्यम्स नावाच्या इंग्रज तत्त्वज्ञानं (वरचा चेंडू झेलणारा विल्यम्स वेगळा) 1976 साली नैतिक नशीब या विषयावर एक निबंध वाचला. त्यात त्यानं चित्रकार गोगँची गोष्ट घेतली, इतिहासाच्या तपशिलाशी फारशी बांधून न घेता : बायकामुलांना मागे टाकून चित्रं काढायला दूर बेटावर निघून जाणारा माणूस. जाताना त्याला माहीत नसतं की आपण मोठे चित्रकार होऊ की नाही. विल्यम्सचं म्हणणं असं की अशा निर्णयाचं समर्थन, असलंच तर, आधी करताच येत नाही. ते यशातूनच मिळेल. आणि अपयश आलं तर ते कशामुळं आलं हेही बघावं लागतं. वाटेत अपघात होऊन हात गेला तर तो निर्णय चूक ठरला असं म्हणता येत नाही, तो अर्धवट राहिला. पण बेटावर पोचून, सगळी मोकळीक मिळून, चित्रंच सामान्य निघाली, तर मात्र तो माणूस ज्यावर पैज लावून निघाला तेच खोटं ठरलं.

ही फोड फुटबॉलला चपखल बसते. स्टॅफर्डचा पाय पहिल्याच सामन्यात मोडला असता तर रॅम्सचा सौदा दुर्दैवी म्हटला असता, मूर्खपणाचा नाही. याउलट डेन्व्हरनं 2022 मध्ये रसेल विल्सनसाठी दोन पहिल्या फेरीच्या आणि दोन दुसऱ्या फेरीच्या निवडी, शिवाय तीन खेळाडू मोजले, आणि 2024 च्या मार्चमध्ये त्याला मोकळं केलं तेव्हा वेतनमर्यादेत 85 दशलक्षांचा भार अंगावर राहिला. तिथं आडवं आलं ते नशीब नव्हतं. ज्या गोष्टीवर पैज होती तीच उरली नव्हती.

पण विल्यम्सनं आणखी एक गोष्ट म्हटली आहे, आणि तीच मला जास्त महत्त्वाची वाटते. गोगँ महान ठरला तरी त्याच्या बायकोची तक्रार मिटत नाही. स्वतःपुरतं समर्थन त्याला मिळालं असेल. तिनं ते मान्य करावं असं बंधन तिच्यावर नाही.

याची कसोटी पाहायची असेल तर क्लीव्हलँडला जा. 2022 च्या मार्चमध्ये तिथल्या ब्राउन्सनी डेशॉन वॉटसनसाठी तीन पहिल्या फेरीच्या निवडी मोजल्या आणि त्याला 230 दशलक्षांचा, पै न् पै हमीचा करार दिला. त्या वेळी वीसहून अधिक महिलांनी त्याच्यावर लैंगिक गैरवर्तनाचे दिवाणी दावे लावलेले होते. त्यानं आरोप नाकारले होते, आणि टेक्ससमध्ये फौजदारी खटला उभा राहिला नाही. नंतर लीगनं त्याला 11 सामने बाहेर बसवलं आणि 50 लाख डॉलर्स दंड केला. करार मात्र असा बेतला होता की पहिल्या वर्षाचा मूळ पगार जेमतेम दहा लाखांच्या आसपास, म्हणजे बाहेर बसण्याची झळ कमीत कमी लागावी. पुढच्या तीन मोसमांत तो एकूण 19 सामने खेळला. अखेर संघाच्या मालकांनी चारचौघांत कबूल केलं की मोठा फटका मारायला गेलो आणि हुकला.

आता कॉफीपाशी जे कुणी विचारत नाही ते मी तुम्हाला विचारतो. फटका बसला असता तर? त्यानं क्लीव्हलँडला सुपर बोल मिळवून दिला असता, तर तो सौदा ‘वर्थ’ ठरला असता का? मला भीती वाटते की ठरला असता. मिरवणूक निघाली असती, आणि त्या महिलांचं नाव काढणाऱ्याला रंगाचा बेरंग करतोस म्हणून गप्प केलं असतं. कबुलीतली चूक होती ती निवडी वाया गेल्याची. ज्यांच्या तक्रारी बाजूला सरकवून सौदा झाला त्या हिशेबात कधी आल्याच नव्हत्या, त्यामुळं सौदा फसला तरी त्यांना काही मिळालं नाही. परवडण्याच्या वहीत त्यांचं पानच नव्हतं.

प्रेक्षक म्हणून आपणही काही निराळे नाही. हार्दिक पांड्या 2024 च्या आयपीएलआधी गुजरातहून मुंबईला आला, रोहितच्या जागी कर्णधार झाला, आणि आपल्याच वानखेडेवर त्याची हुर्यो उडवली गेली. जून अखेरीस भारत ट्वेंटी-ट्वेंटी विश्वचषक जिंकला आणि 4 जुलैला त्याच वानखेडेवर त्याच्या नावाचा गजर झाला. रोहितला बाजूला केलं ते योग्य की अयोग्य, या मूळ प्रश्नात तीन महिन्यांत काही बदललं होतं का? फोर्ड फील्डवरही तेच. 2022 मध्ये स्टॅफर्डच्या सुपर बोलसाठी डेट्रॉइटनं जीव टाकला होता, दोन्ही संघांची नावं जोडलेले शर्ट निघाले होते. दोन वर्षांनी तो परत आला तर त्याचीही हुर्यो. बारा वर्षं ज्यानं त्यांच्यासाठी अंग मोडून घेतलं तो. खेळाचा भाग आहे, म्हणून सोडून देता येईल. मी अर्धवट सोडून देतो.

फलाची आशा धरू नये हे गीतेनं सांगितलंय, असं इथं कुणीतरी म्हणणार. म्हणा. पण अर्जुनाला दिलेला सल्ला सौदा करणाऱ्याच्या कामाचा आहे. ज्याचा सौदा झाला त्याला तो काय उपयोगाचा?

आणि हा सगळा वाद आपल्याला इतका जवळचा का वाटतो हे वेगळं सांगायला हवं का? आपणही कधीतरी एक मोठा सौदा करून इथं आलो. पुढच्या निवडी देऊन टाकल्या : आईवडिलांचं म्हातारपण, सणावाराला भरलेलं घर, भावंडांच्या मुलांचं मोठं होणं. भारतातून कुणी विचारतं, गेलास ते बरं झालं का, तेव्हा आपण घर, मुलांचं कॉलेज, पगार असं मोजून दाखवतो. ते परवडण्याचं उत्तर आहे आणि ते खोटं नाही. बहुतेकांना परवडलंच आहे. पण आपल्या निम्म्या खर्चाची किंमत दुसऱ्या कुणीतरी मोजली, आणि ‘त्यांच्या कष्टांचं चीज झालं’ हे आपण भाषणांतून, साठीच्या समारंभांतून त्यांच्या वतीनं बोलून टाकतो. त्यांना विचारलं तर ते हो म्हणतात. लगेच म्हणतात, आणि विषय हवापाण्याकडे नेतात. तो होकार त्यांच्या स्वतःच्या हिशेबातला आहे की आपल्याला झोप लागावी म्हणून दिलेला, हे व्हिडिओ कॉलवर ओळखता येत नाही. मी दोनदा विचारून पाहिलं. दोन्ही वेळा त्यांनी इकडे बर्फ किती पडलाय ते विचारलं.