अर्धी बादली

आज पहाटे नळाला पाणी नव्हतं. चौकात पाइप फुटला होता म्हणे. आईनं पिंपात वाकून पाहिलं आणि एवढंच म्हणाली, "आज अर्धी अर्धी बादली. कपडे उद्या." घर निमूटपणे कमी पाण्यावर चालू लागलं.

मेंदूकडे असं पिंप नसतं. वजनात त्याचा वाटा 2 टक्के, पण प्राणवायू लागतो 20 टक्के. पक्षाघातात मेंदूच्या मोठ्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली, की दर मिनिटाला सुमारे 19 लाख चेतापेशी मरतात, असा अंदाज आहे. जांघेतून बारीक नळी घालून ती गुठळी ओढून काढण्याचा उपचार 2015 पासून रुजला. अडलेलं मोकळं करता येतं. पण तोवर तगायचं कसं?

शरीर एका अंशानं गार झालं, की मेंदूची मागणी सहा-सात टक्क्यांनी उतरते. 1999 साली नॉर्वेत आन्ना बोगेनहोल्म ही तरुण डॉक्टर ओढ्यावरच्या बर्फाखाली 80 मिनिटं अडकली. शरीर 13.7 अंशांवर उतरलं होतं. ती वाचली.

पक्षाघातात मात्र हे इतकं सोपं नाही. सगळं अंग गार करू गेलं की ते हुडहुडी भरून भांडतं, पुढे न्यूमोनियाचं भय. थंडाव्यानं रुग्ण अधिक सावरतात, हे मोठ्या चाचण्यांत अजून सिद्ध झालेलं नाही. म्हणून काही डॉक्टर गुठळी काढतानाच, त्याच वाटेनं थंड सलाईन सोडून मेंदूचा तेवढाच भाग निववून पाहताहेत. आपल्या भाषेत अंग गार पडणं म्हणजे संपणं. डोकं थंड ठेवणं मात्र शहाणपण. बोलीला हा फरक आधीच ठाऊक होता की काय, कोण जाणे.

आणखी एक गोष्ट आहे. उपाशी राहिलेल्या पेशींना परत आलेलं रक्तही इजा करतं. ज्याची वाट पाहिली, तेच सोसत नाही. तो धक्काही थंडाव्यानं हलका होईल, अशी आशा आहे.

आठच्या सुमाराला नळ खोकला. आधी हवा, मग तांबूस पाणी. मी घाईनं हंडा पुढे केला. आईनं तो हातानं बाजूला सारला.

"थांब जरा. वाहू दे."