आधी निखारे बाहेर

आगमनकाळाचा चौथा रविवार
(लूक १:३९-४५)



नाताळ चार दिवसांवर आला आहे. घरोघरी रंगकाम आटोपले, गोठे उभे राहिले, स्वयंपाकघरांतून केकचा वास येऊ लागला. नाताळच्या जेवणाला कोणाकोणाला बोलवायचे याचीही मोजणी झाली असेल. आज मला त्या जेवणाविषयीच बोलायचे आहे.

मी लहान असताना आमच्या घरामागे मातीची भट्टी होती. वसईत तेव्हा सगळ्यांकडे अशी भट्टी नसे. बहुतेक घरी टोपाखाली निखारे, झाकणावर निखारे, अशा रीतीने केक भाजत. माझे आजोबा मुंबईला बेकरीत कामाला होते. तिथली विद्या घेऊन त्यांनी विटा, चिकणमाती आणि भाताचा पेंढा यांची घुमटासारखी भट्टी बांधली. पाव हा शब्द पोर्तुगीजांनी दिला, पण आमच्या पिठात आंबवणासाठी वसईचीच ताडी पडत असे.

या भट्टीची रीत आजच्या ओव्हनपेक्षा अगदी वेगळी. आत सुरूची लाकडे आणि नारळाच्या करवंट्या घालून दोन-तीन तास जाळ करायचा. घुमट आधी काजळीने काळा पडतो, मग तापता तापता ती काजळीही जळून जाते आणि विटा स्वच्छ दिसू लागतात. भट्टी तापली, हे तेव्हा समजायचे. पण लगेच पाव आत घालायचा नाही. आधी लांब दांड्याच्या लोखंडी खोऱ्याने सगळे निखारे बाहेर ओढायचे, ओल्या गोणपाटाने तळ पुसायचा आणि चिमूटभर पीठ टाकून पाहायचे. पीठ लगेच काळे झाले तर थांबायचे. हळूहळू तांबूस झाले तर पाव आत जायचा. पाव निघाल्यावर उरलेल्या धगीवर मसाला भरलेले बदक ठेवायचे, तोंडावर फळी लावून ती मातीने लिंपायची आणि सर्वांनी मध्यरात्रीच्या मिस्सेला जायचे. परत येईपर्यंत बदक शिजलेले असे. जाळ नाही, राखण करायला कोणी नाही; विटांनी धरून ठेवलेली ऊब आपले काम करीत असे.

आजोबा गेल्यावर माझ्या वडिलांमध्ये आणि काकांमध्ये केळीच्या वाडीच्या वाटणीवरून वाद झाला. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून बोलाचाली झाली, प्रकरण वकिलापर्यंत गेले. अंगणात कुंपण आले. भट्टीचे तोंड आमच्याकडे राहिले, पाठ काकांच्या हद्दीत गेली. खोरे काकांच्या पडवीत राहिले. त्या वर्षीच्या नाताळात भट्टी पेटली नाही. दोन्ही घरांनी आपापल्या चुलीवर मटण शिजवले. एकाच आईची दोन मुले एकाच मिस्सेला गेली, एकाच वेदीवरून ख्रिस्तशरीर स्वीकारले आणि वेगवेगळ्या वाटांनी घरी आली. आजी त्या दिवशी कोणाच्याच घरी जेवली नाही.

पुढच्या वर्षी, म्हणजे १९७८ साली, नाताळला आठवडा असताना आजीने एकटीनेच भट्टीत बारीक जाळ लावायला सुरुवात केली. पावसाळाभर भट्टी ओल धरून होती. ओल्या भट्टीत एकदम मोठा जाळ केला तर ती तडकते, म्हणून ती रोज संध्याकाळी थोडा थोडा जाळ करी. चोवीस तारखेला दुपारी तिने मोठा जाळ केला. आईने पीठ मळले होते. निखारे बाहेर काढायची वेळ आली, तेव्हा वडील म्हणाले, “मागे लोटतो निखारे, तेवढ्यात पाव होईल.”

आजी म्हणाली, “निखारे आत ठेवून पाव भाजलास, तर वरून कोळसा होईल नि आतून कच्चा राहील. आधी निखारे बाहेर काढ.”

“खोरं कुठंय?”

“तुला ठाऊक आहे कुठंय. तूच जा आणायला. पोराला धाडू नकोस.”

मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो. वडील कुंपणापाशी बराच वेळ उभे राहिलेले मला आठवतात. कोर्टाची पायरी ते सहज चढले होते. ते गुडघाभर उंचीचे कुंपण त्यांना ओलांडवेना. शेवटी त्यांनी काकांना हाक मारली, नावाने नाही, लहानपणी मारीत तशी, “बाबू!” काका खोरे खांद्यावर टाकून स्वतःच आले. दोघे एक शब्द बोलले नाहीत. काकांनी निखारे ओढले, वडिलांनी ते घमेल्यात धरून त्यांवर पाणी ओतले. त्या रात्री मिस्सेनंतर आजीने भट्टीचे लिंपण फोडले आणि दोन्ही घरे एका अंगणात जेवली.

माझ्या बंधू-भगिनींनो, त्या रात्री सगळे मिटले असे मी सांगणार नाही. वाटणी पुरी व्हायला आणखी दोन वर्षे लागली आणि त्यातही वाद झाले. पण बोलणे पुन्हा कधी बंद पडले नाही, आणि भट्टी दर नाताळला पेटत राहिली.

योहानाच्या शुभवर्तमानात कोळशाची शेकोटी दोनदा येते. पहिली प्रमुख याजकाच्या वाड्यात (योहान १८:१८). तिथे शेकत उभ्या असलेल्या पेत्राने येशूला ओळखण्याचे नाकारले. दुसरी सरोवराच्या काठी (योहान २१:९). ही पुनरुत्थित येशूने स्वतः पेटवली आहे, तिच्यावर मासळी आहे आणि जवळ भाकर आहे. कोळशाच्या शेकोटीसाठी असलेला तो ग्रीक शब्द संपूर्ण नव्या करारात या दोनच ठिकाणी येतो. पेत्राने विस्तव पाहिला असेल, तेव्हा त्याच्या पोटात काय झाले असेल! पण प्रभूने हिशेब मागितला नाही. आधी जेवू घातले. जेवण झाल्यावर मग, ज्याने तीनदा नाकारले त्याला तीनदा प्रेमाविषयी विचारले. ज्या विस्तवाजवळ नाते तुटले, तशाच विस्तवाजवळ प्रभूने ते जोडले.

आणि आजच्या शुभवर्तमानात पवित्र मरिया काय करते? ती निरोपाची वाट पाहत नाही. स्वतः गरोदर असताना यहुदाच्या डोंगराळ भागात घाईने जाते, अलीशिबेच्या घरात शिरते आणि आधी आपणच अभिवादन करते. “मी का आधी बोलू?” हा प्रश्न तिच्या मनात नाही.

आपल्या घरात कोणते निखारे आत राहिले आहेत? बिल्डरच्या करारावर एकाने सही केली, दुसऱ्याने नाही. बहिणीचा हिस्सा कोणी विचारलाच नाही. म्हाताऱ्या आईला कोणी किती महिने सांभाळले याची वही एकाने ठेवली आहे. लग्नाचे आमंत्रण फोनवर दिले, घरी येऊन दिले नाही. बहुतेक निखारे राखेखाली असतात, दिसत नाहीत; ताट वाढले की चटका बसतो. असे निखारे आत ठेवून आपण कितीही मोठी मेजवानी केली तरी ती वरून करपते आणि आतून कच्ची राहते.

आपला हक्क सोडा, असे मी म्हणत नाही. हक्काची गोष्ट हक्काच्या ठिकाणी मांडावी, न्यायाने मांडावी. पण बोलणे बंद करणे हा कोणाचा हक्क नाही. वेदीपाशी अर्पण आणले असताना भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे हे आठवले, तर अर्पण तिथेच ठेवून आधी समेट करायला जा, असे प्रभू सांगतो (मत्तय ५:२३-२४). ‘आपल्या मनात’ असे तो म्हणत नाही, ‘भावाच्या मनात’ म्हणतो. चूक कोणाची याचा निकाल लागेपर्यंत थांबायला त्याने सांगितलेले नाही.

या आठवड्यात पापनिवेदनासाठी धर्मगुरू चर्चमध्ये बसणार आहेत. तिथे जरूर या. पण त्याच्या आधी किंवा नंतर एका दारात जा. मुलांच्या हाती कुसवाराचे ताट धाडू नका, स्वतः घेऊन जा. दार उघडले नाही तर ताट ठेवून परत या आणि पुढच्या वर्षी पुन्हा जा. एका आठवड्याच्या बारीक जाळाने आमची भट्टी सुकली होती. काही मने सुकायला त्याहून अधिक दिवस लागतात.

आमची ती भट्टी आता नाही. तिथे आज चुलतभावाची मोटार उभी असते. नाताळचे जेवण मात्र अजून एकत्रच होते, आणि यंदा ते काकांच्या घरी आहे.

बेथलेहेम या नावाचा अर्थ ‘भाकरीचे घर’ असा आहे. जगाची भाकर होण्यासाठी प्रभू तिथे जन्मला. तो आपल्या घरी जेवायला येण्यापूर्वी आपण निखारे बाहेर काढू या.

हे प्रभो, कुंपणापाशी उभे असलेल्या आम्हाला पहिली हाक मारण्याचे बळ दे. आमेन.