आधी स्वरचाचणी, मग तक्रार

"आकाशवाणीवर ओळख लागते," असं तू क्लासात बोललास, तेव्हा मी गप्प बसलो, कारण लहान पोरं समोर होती. आता नीट ऐक. तुझ्यासारखंच ज्यांना वाटतं, त्यांनीही ऐका.

तुझी तीन गाणी पाठवलीस कुणाला? एका निवेदकाच्या मोबाइलवर, रात्री साडेअकराला, खाली "सर, लावा ना" असं लिहून. म्हणजे ओळखीनं काम काढायला निघाला होतास तू, आणि ते झालं नाही म्हणून बोट दाखवतोस केंद्राकडे! निवेदकाला वाटेल ते गाणं लावता येत नाही. कार्यक्रम आधी ठरलेले असतात, आणि सुगम किंवा शास्त्रीय गायचं तर कलावंताला आकाशवाणीची मान्यता लागते. ती स्वरचाचणीतून मिळते. एवढी साधी चौकशी तुला करता आली नाही? केंद्र आपल्या परभणीतच आहे, दिल्लीला जायचं नव्हतं.

चौकशी केली असतीस तर कळलं असतं. अर्ज भरायचा, फी भरायची, शास्त्रीय, सुगम की लोकसंगीत ते लिहायचं, आणि तयार असलेल्या रागांची किंवा गीतांची यादी जोडायची. यादीतलं काहीही परीक्षक समिती म्हणायला सांगते, त्यामुळे खोटी यादी पहिल्या पाच मिनिटांत उघडी पडते. उत्तीर्ण झालास तर श्रेणी मिळते: बी, बी हाय, ए आणि सगळ्यात वर टॉप. मग बोलावणं येतं, स्टुडिओत ध्वनिमुद्रण होतं आणि मानधनही मिळतं. नापास झालास तर रियाज करून पुन्हा अर्ज करायचा. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

ही पद्धत आली कशी, तेही तुला माहीत असायला हवं. 1952 साली बाळकृष्ण केसकर नभोवाणी मंत्री झाले. माणूस पुण्याचा. त्यांच्या काळात देशभरच्या गायक-वादकांची नव्यानं परीक्षा घ्यायचं ठरलं. श्रीकृष्ण रातंजनकरांसारखे जाणकार परीक्षक होते, आणि परीक्षकांना गाणारा दिसू नये, नुसता सूर कानावर पडावा अशी व्यवस्था केली गेली. नावाजलेले कलावंत संतापले, कारण पिढ्यान् पिढ्यांच्या घराण्याला परीक्षा द्या म्हणणं त्यांना अपमान वाटला. केसकरांचे सगळेच निर्णय मला पटत नाहीत. त्यांनी चित्रपटगीतांना दार लावलं आणि श्रोता रेडिओ सिलोनकडे गेला. पण नाव न पाहता सूर ऐकायचा, हा दंडक मला आजही योग्य वाटतो. मोठ्यामोठ्यांना जी परीक्षा चुकली नाही, ती तुला टाळायची आहे?

आता तुझ्या त्या तीन गाण्यांबद्दल. पहिलं गाणं कराओकेवरचं, सिनेमातलं. चाल दुसऱ्याची, शब्द दुसऱ्याचे, वाद्यं दुसऱ्याची, आणि वर स्वतःचं नाव. दुसऱ्याची निर्मिती प्रसारित करायची तर हक्काचा प्रश्न येतो, हे 1957 चा कॉपीराइटचा कायदा सांगतो. दुसरा भीमपलासातला अभंग. तुझी पट्टी काळी एक, पण तू म्हटलास काळी तीनमध्ये, कारण ट्रॅक तसा मिळाला. तार सप्तकात गेलास की गळा आवळलेला ऐकू येतो. कोमल निषादावरून षड्जावर येताना जी मींड मी तुझ्याकडून महिनोन्महिने घोटून घेतली, ती ऑटोट्यूननं सपाट करून टाकली. मागं पंख्याची घरघर. ती लपवायला ओतलेला घुमारा इतका की "विठ्ठल" आणि "मिठ्ठल" यांत फरक राहिला नाही. हे तू परत एकदा तरी ऐकलंस का? हेडफोन लावून, सुरुवातीपासून शेवटपर्यंत? नसशील, कारण ऐकलं असतंस तर पाठवलं नसतंस. तिसऱ्याबद्दल बोलण्यासारखं काही नाही.

सगळ्यात जास्त राग कशाचा आला, सांगतो. तुझ्या घरी संबळ आहे. तुझे आजोबा रात्र-रात्र गोंधळ घालत, जोगवा मागत. गोंधळमहर्षी म्हणून ज्यांचं नाव झालं ते राजाराम कदम याच परभणीचे. आणि तू अर्जातला लोकसंगीताचा रकाना बघायलाही तयार नाहीस, कारण तुला ते खेडवळ वाटतं! आजोबांची आख्यानं तुला पाठ आहेत. तुझ्यासारखी पोरं ती म्हणणार नसतील तर कुणी म्हणायची? ज्या गळ्यात ती बसली आहेत, तोच गळा उसन्या ट्रॅकवर किंचाळतो, हे मला सहन होत नाही.

1968 पासून परभणी केंद्र बोलतं आहे. सेलू-मानवतच्या शेतात, गंगाखेडच्या घरात कुणीतरी काम करता करता ते ऐकत असतं. त्या माणसाला तयारी नसलेलं गाणं ऐकवायचा तुला हक्क नाही.

तेव्हा त्या निवेदकांची आधी माफी माग. सोमवारी केंद्रावर जा, कार्यालयीन वेळेत, आणि स्वरचाचणी कधी आहे, फी किती, कागदपत्रं कोणती, हे लिहून आण. अर्जात लोकसंगीत लिही. आणि संध्याकाळी संबळ घेऊन ये, फोन घरी ठेवून.