व्हल्कनची दोन गिऱ्हाइके

बोईसरजवळ द्रुतगती रेल्वेच्या उन्नत मार्गाचे स्तंभ उभे राहत आहेत. ज्या देशाच्या विद्येवर हे काम चालले आहे तो जपान आणि ज्याच्या भूमीवर ते चालले आहे तो आपला देश, हे दोघेही एके काळी लँकेशायरमधील एकाच कारखान्याच्या दारात गिऱ्हाईक म्हणून उभे होते, ही गोष्ट फारशी कोणाच्या मनात येत नाही. योगायोग म्हणून ती सोडून देणे मला मात्र पटत नाही. कारण विकणारा एकच असताना घेणाऱ्यांपैकी एक जण शतकभरात विद्येचा दाता कसा झाला आणि दुसरा याचकच कसा राहिला, या प्रश्नाचे उत्तर आपल्या पुढच्या पन्नास वर्षांच्या औद्योगिक धोरणाशी निगडित आहे.

तो कारखाना म्हणजे न्यूटन-ले-विलोज येथील व्हल्कन फाउंड्री. लिव्हरपूल–मँचेस्टर रेल्वे ज्या 1830 साली सुरू झाली त्याच साली चार्ल्स टेलर या लिव्हरपूलच्या यंत्रज्ञाने त्या मार्गालगत जागा घेऊन त्याची स्थापना केली, आणि दोनच वर्षांत जॉर्ज स्टीफन्सनचा पुत्र रॉबर्ट त्यात भागीदार झाला. तयार एंजिन कारखान्यातून निघाले की थेट रुळावर जावे, अशी ती मोक्याची जागा होती. कारागिरांसाठी शेजारीच वसविलेले छोटे गावही कारखान्याच्याच नावाने ओळखले जाऊ लागले.

16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदराहून ठाण्यास जी गाडी निघाली, तिचे 14 डबे आणि 400 निमंत्रित ओढून नेणारी तिन्ही एंजिने व्हल्कनचीच होती. ग्रेट इंडियन पेनिन्शुला कंपनीने तेथून मागविलेल्या 8 एंजिनांपैकी ती होत. पुढे लहान चाकांची एक जोडी, मागे दांड्याने एकमेकींस जखडलेल्या मोठ्या चाकांच्या दोन जोड्या, आणि आपल्याकडील साडेपाच फुटी रुंद रुळांच्या मापाने केलेली बांधणी, असे त्यांचे स्वरूप होते. त्या काळी एंजिन जहाजातून सुटे येई. बाष्पपात्र, चाके, आस, नळकांडी निरनिराळी उतरवून घेऊन येथील लोहार आणि फिटर ती जोडीत. म्हणजे यंत्राची अंतर्रचना आपल्या माणसांच्या हातांखालून पहिल्या दिवसापासून जात होती. अडले ते ज्ञानापाशी नव्हे, हे येथेच लक्षात ठेवले पाहिजे.

आपल्या पालघर भागातून गेलेली वाट दुसऱ्या कंपनीची. बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेने उत्तरेकडून बांधीत आणलेला मार्ग वैतरणा आणि वसईच्या खाड्या ओलांडून 1864 साली ग्रँट रोडपर्यंत पोहोचला. या कंपनीचे नाव मी मुद्दाम घेतो. कारण हिंदुस्थानात बांधलेले पहिले बाष्प-एंजिन, म्हणजे 1895 चे एफ वर्गातील 734 क्रमांकाचे मीटरमापी एंजिन, याच कंपनीच्या कारभाराखालील अजमेरच्या कारखान्यातून बाहेर पडले. आज ते दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात आहे.

आता जपानकडे वळू. शिंबाशी ते योकोहामा हा त्यांचा पहिला मार्ग 1872 साली खुला झाला आणि त्यावरील 1 क्रमांकाचे एंजिन, जे आज तेथील संग्रहालयात जतन केलेले आहे, तेही व्हल्कनचेच. स्वदेशात बांधलेले त्यांचे पहिले एंजिन कोबे येथून 1893 साली निघाले, तेही एका इंग्रज यंत्रज्ञाच्या देखरेखीखाली. 1893 आणि 1895! आपल्याहून जपान अवघी दोन वर्षे पुढे होता.

यानंतर वाटा फुटल्या. लंडनमध्ये शिकून आलेल्या इनोउए मासारू यांनी 1896 साली ओसाकास एंजिने बांधणारी कंपनी काढली, आणि 1911 च्या सुमारास जपान सरकारने इंग्लंड, जर्मनी व अमेरिका येथून निवडक नमुन्यांची एंजिने मागवून, त्यांचा अभ्यास करवून, पुढील मागण्या स्वदेशी कारखान्यांकडेच वळविल्या. आपल्याकडे याच काळात काय घडत होते? दुसऱ्या महायुद्धापर्यंत ब्रिटनमधून बारा हजारांच्या आसपास एंजिने आली आणि अजमेर व जमालपूर येथे मिळून सातशेच्या आसपास बांधली गेली. याहून क्लेशकारक कहाणी पेनिन्शुलर लोकोमोटिव्ह कंपनीची आहे. दरसाल एंजिनांसाठी येथे निविदा मागवू असे सरकारने 1921 साली जाहीर केले, त्या भरवशावर सिंगभूम जिल्ह्यात ही कंपनी उभी राहिली, आणि मागण्यांचा पुरेसा ओघ न आल्याने, जकातीच्या संरक्षणाची तिची दरखास्तही नामंजूर झाल्याने, एकही एंजिन न बांधता तिला गाशा गुंडाळावा लागला. तिची इमारत रेल्वेकडे गेली. 1945 साली तेथेच टाटांची टेल्को सुरू झाली. भांडवल होते, कारागीर होते, जमशेदपूरचे पोलाद हाताशी होते. उणीव होती ती एका बांधील गिऱ्हाइकाची.

पारतंत्र्यात याहून वेगळे काय होणार, असे कोणी म्हणेल, आणि त्यात तथ्यही आहे. 1950 साली चित्तरंजनमधून ‘देशबंधू’ हे एंजिन निघाले आणि 1972 पर्यंत त्या एका कारखान्याने 2,351 बाष्प-एंजिने बांधली, ती स्वतःच्या सरकारने मागणीचे अभिवचन पाळले म्हणूनच. पण याहून जवळचा दाखला आपल्या तारापुरात आहे. 1969 साली चालू झालेल्या तेथील पहिल्या दोन अणुभट्ट्या अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकने बांधून दिल्या. 1974 च्या पोखरण चाचणीनंतर इंधनाच्या पुरवठ्यात अडथळे आले. आणि 2005 व 2006 साली त्याच आवारात ज्या दोन 540 मेगावॅटच्या भट्ट्या उभ्या राहिल्या त्यांचे आरेखन भारतीय होते. पोफरण आणि अक्करपट्टी या गावांनी त्यासाठी आपली घरे आणि जमिनी सोडल्या. हे ऋण स्वावलंबनाच्या गौरवगाथेत एखाद्या ओळीपुरतेही येत नाही, याचा मला खेद वाटतो.

व्हल्कन 1955 साली इंग्लिश इलेक्ट्रिकमध्ये विलीन झाली; 2002 साली कारखाना बंद पडला आणि आज त्या जागेवर घरे आहेत. तिच्याकडून एंजिन घेणाऱ्या जपानच्या विद्येवर बोईसरला द्रुतगती रेल्वे येत आहे, आणि या मार्गासाठी 2024 साली बंगळूरच्या बीईएमएलकडे ताशी 280 किलोमीटर वेगासाठी आरेखित केलेल्या 2 गाड्यांची मागणी नोंदविण्यात आली आहे. आरंभ म्हणून तिचे स्वागत असो. परंतु दोन गाड्यांवर कारखाना जगत नाही, हे पेनिन्शुलरच्या उदाहरणावरून आपण जाणतो. ज्या जिल्ह्याने या मार्गाला आपली शेती आणि आपले पाडे दिले आहेत, त्या पालघरच्या लोकप्रतिनिधींनी पुढील दहा वर्षांत किती गाड्या स्वदेशात बांधावयाच्या याचा लेखी आकडा रेल्वे मंत्रालयाकडून संसदेत मागून घ्यावा, आणि तो पाळला जातो की नाही याचा हिशेब दरसाल विचारावा.