निवडीचा अधिकार

घरातील वडीलधाऱ्या पुरुषास कर्करोग जडला की रोगाचे नाव त्याच्यापासूनच लपविणे, हा आपल्या मध्यमवर्गीय कुटुंबांत मायेचा एक प्रकार मानला जातो. डॉक्टरांशी बोलावे मुलाने, कागदांवर सही करावी जावयाने, आणि ज्याच्या देहाविषयी हे सारे चालले आहे त्याने ‘लघवीची किरकोळ तक्रार’ एवढ्यावर समाधान मानावे, ही रीत नागपुरात आहे तशीच आमच्या रायपुरातही आहे. या मायेला नीतीचा आधार आहे काय? पुरःस्थ ग्रंथीच्या, म्हणजे प्रोस्टेटच्या, कर्करोगाचे उदाहरण या दृष्टीने विचार करण्याजोगे आहे.

या रोगावरील किरणोपचारात गेल्या काही दशकांत मोठे स्थित्यंतर घडले. पूर्वी किरणांची झळ शेजारच्या मूत्राशयास व गुदाशयास लागे, म्हणून मात्रा बेताचीच ठेवावी लागे. पुढे संगणकाच्या साहाय्याने किरणांस ग्रंथीच्या आकाराबरहुकूम वळण देता येऊ लागले. ३७ वेळा मिळून दिलेल्या ७४ ग्रे मात्रेइतकेच कार्य २० वेळा दिलेल्या ६० ग्रेने साधते, असे ३,२१६ रुग्णांच्या ब्रिटिश अभ्यासाने २०१६ साली दाखविले. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तर निवडक रुग्णांना अवघ्या ५ वेळा दिलेले किरण पुरेसे ठरले. जगदलपूरहून रायपूरच्या आंबेडकर रुग्णालयात येऊन राहणाऱ्यास सात आठवड्यांहून अधिक काळाचा मुक्काम आणि एक-दोन आठवड्यांचा मुक्काम यांतील अंतर समजावून सांगण्याची गरज नाही.

परंतु याहून महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. ग्रंथीपुरत्याच मर्यादित असलेल्या रोगाच्या १,६४३ ब्रिटिश रुग्णांची तीन गटांत विभागणी करण्यात आली: शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि नुसती सावध देखरेख. पंधरा वर्षांनंतरचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. या रोगाने मृत्यू आलेले तिन्ही गटांत मिळून शंभरी तीनांहूनही कमी होते, आणि गटागटांतील फरक अल्प होता. देखरेखीच्या गटात रोग शरीरात अन्यत्र पसरण्याचे प्रमाण मात्र जवळजवळ दुप्पट होते, आणि त्यातील बहुतेकांनी पुढे कधीतरी उपचार घेतलेच. उलट, शस्त्रक्रियेने लघवीवरील ताबा व कामशक्ती यांची हानी अधिक होते. किरणांनी शौचाच्या तक्रारी उद्भवतात.

म्हणजे अशा रुग्णाच्या बाबतीत शास्त्र एका मर्यादेपर्यंत येऊन थांबते. पुढचा प्रश्न वैद्यकाचा उरत नाही; तो कोणते दुःख सोसावयाचे आणि कोणत्या भीतीसह जगावयाचे, याचा आहे. हे मोजमाप दुसऱ्याने कसे करावे? मुलास बापाचे आयुष्य प्रिय असते. पण बापास स्वतःची लाज, रात्रीची झोप आणि सकाळचे फिरणेही तितकेच प्रिय असू शकते, आणि ते मुलास ठाऊक असेलच असे नाही.

सत्य ऐकून म्हातारा खचेल, हा आक्षेप आम्ही क्षुल्लक मानीत नाही. पण ज्यास रोज यंत्राखाली निजविले जाते त्यास काहीच कळत नाही, असे मानणे भाबडेपणाचे आहे. त्यास कळतेच, फक्त कोणाशी बोलण्याची सोय उरत नाही. सारे ऐकून घेऊन ‘तुम्हीच ठरवा’ असे तो म्हणाला, तर तीही त्याचीच निवड होय.

आपण नोकरदार माणसे. न वाचलेल्या कागदावर सही करू नये, हा दंडक आपण आयुष्यभर पाळतो. घरातल्या वृद्धाच्या देहाविषयीचा कागद त्याच्यापुढे न ठेवता निकालात काढताना तो आपल्याला का आठवू नये?